राजदूतची चेसिस आणि आमची कात्री

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर जळगावच्या फुले मार्केटमधील माझ्या दुकानात एक तरुण आला आणि जाड तपकिरी कॅनव्हास मागू लागला. मागणी होती दीड मीटरची. आमचा धंदा ताग्यांचा. दीड मीटर कापडासाठी कोणी आमची पायरी चढत नाही. म्हणून सहज विचारले की शिवायचे काय आहे? तो म्हणाला, "मोटारसायकलची गादी शिवायची आहे, सेठ. राजदूतची कॅफे रेसर होते आहे." कापड मोजून दिले, पैसे घेतले, पण तो गेल्यावर बराच वेळ माझे हिशेबात लक्ष लागले नाही. त्याचे कारण पुढे येईलच.

ज्या वाचकांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कॅफे रेसर हे कोणत्या कंपनीचे नाव नाही, गाडी सजवण्याची ती एक पद्धत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमधील कामगार वस्त्यांतल्या तरुणांच्या हातात थोडा पैसा खेळू लागला. मोठ्या रस्त्यावरील चहा-नाश्त्याच्या ठिकाणी ही मुले जमत आणि तेथून मोटारसायकली पळवत. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावरील एस कॅफे हे त्यांचे सर्वात प्रसिद्ध ठिकाण. ते १९३८ मध्ये सुरू झाले, १९६९ मध्ये बंद पडले आणि २००१ मध्ये पुन्हा उघडले. ताशी १०० मैलांचा वेग गाठायचा ही त्या मुलांची हौस. शर्यतीची खास गाडी घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून रोजच्या वापरातील ट्रायम्फ, नॉर्टन, बीएसए या गाड्यांवरून नको ते सामान उतरवायचे, हँडल खाली आणायचे, पायदान मागे न्यायचे, लांबट टाकी आणि मागे कुबड असलेली एकट्यापुरती गादी बसवायची. ट्रायम्फचे इंजिन नॉर्टनच्या चेसिसमध्ये घालून केलेल्या गाडीला तर 'ट्रायटन' असे नावच पडले. म्हणजे मुळात हा सगळा प्रकार खिशात पैसा कमी आणि हातात हुन्नर जास्त असलेल्यांचा. आपल्याकडे त्याला जुगाड म्हटले असते.

पुढे जे नेहमी होते तेच झाले. कारागिराच्या हातची चीज कारखान्याने उचलली. रॉयल एनफिल्डने २०१३ मध्ये ५३५ सीसीची कॉन्टिनेन्टल जीटी काढली आणि २०१८ मध्ये ६५० सीसीची. आज ज्याच्याकडे पैसा आहे तो शोरूममधून तयार कॅफे रेसर घेऊन जातो. ज्याच्याकडे नाही तो आजोबांची गाडी गोठ्यातून बाहेर काढतो आणि आपल्या कारागिरांकडे येतो. या दुसऱ्या गिऱ्हाइकाबद्दल मला बोलायचे आहे.

खानदेशात मोटारसायकल आली ती ओझे वाहायला. आमचे अब्बा धुळ्याच्या आग्रा रोडवर कापडाचे किरकोळ दुकान चालवत. त्यांनी १९७४ मध्ये राजदूत घेतली. एस्कॉर्ट्स कंपनीची गाडी, १७३ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, मूळ नमुना पोलंडचा. मागच्या लोखंडी कॅरियरवर धोतरजोड्या, पातळे आणि छिटांचे गाठोडे सुतळीने बांधायचे आणि शिरपूर, दोंडाईचा, साक्री, पारोळा असे बाजार करायचे. परतताना गाठोडे हलके असेल तर त्यावर मी. गाडीला ना वेग होता ना दिमाख. पण चिखलातून निघत असे आणि कोणत्याही गावातला लोहार तिला सरळ करून देत असे. दूधवाले, केळीचे व्यापारी, तलाठी, मास्तर, सगळ्यांची हीच सवारी. ज्यांची ऐपत जरा बरी ते म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याची येझदी घेत, जिच्यात किक आणि गिअरचा दांडा एकच असे. १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १०० आली. पहिलीने पेट्रोल वाचवले, दुसरीने कॉलेजच्या मुलांना वेड लावले. १९९६ मध्ये येझदीचा कारखाना बंद पडला आणि त्याच वर्षी आरएक्स १०० चे उत्पादनही थांबले. त्यानंतर या गाड्या हळूहळू घरामागच्या पत्र्याखाली गेल्या.

आता त्या पुन्हा बाहेर येत आहेत. ज्या आरएक्स १०० ला पंधरा वर्षांपूर्वी भंगारवाला वजनावर भाव सांगत होता, तिचा नीट ठेवलेला नग आज लाखाच्या घरात सांगितला जातो. जावा २०१८ मध्ये आणि येझदी २०२२ मध्ये नव्या रूपात बाजारात आल्या, त्यानेही जुन्या नावांना भाव चढला.

हे सर्व मी व्यापाराच्या पानावर का लिहितो आहे? कारण यात आपल्या लोकांची रोटी आहे. जळगाव आणि धुळ्यात मोटारसायकलीवर काम करणारे मिस्त्री, खरादी, वेल्डर, डेंटर, पेंटर, गादीवाले यांच्यात आपल्या समाजातील माणसे किती आहेत हे वाचकांना सांगायला नको. यातली बहुतेक मंडळी उस्तादाच्या हाताखाली दहाव्या-बाराव्या वर्षी बसून शिकलेली. कानाने इंजिन ऐकायचे, बोटाने कार्बोरेटरचा स्क्रू फिरवायचा, ही त्यांची विद्या. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ गाड्या आल्या आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर गेला. इंधन आता संगणक सोडतो. बिघाड शोधायला स्कॅनर लागतो, तो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये असतो आणि गाडी वॉरंटीत असेपर्यंत गिऱ्हाईक बाहेर जातच नाही. पन्नाशीतल्या मिस्त्रीला आज उमेदीने सांगावे असे काम कमी होत चालले आहे. ज्या थोड्या ठिकाणी त्याच्या कानाची आणि बोटाची अजून गरज आहे, त्यात जुनी गाडी नव्याने उभी करणे हे एक. म्हणूनच हे काम नीट व्हावे, ते आपल्याच हाताने बुडू नये, असे मला वाटते. आणि सध्या ते ज्या रीतीने चालले आहे त्या रीतीने ते बुडणार, असेही वाटते.

आता माझ्या घरची गोष्ट.

अब्बांचे २०१९ मध्ये निधन झाले. जाण्याच्या काही महिने आधी त्यांनी स्वतः राजदूतच्या नोंदणीचे नूतनीकरण करून घेतले होते. चालवत नव्हते, पण कागद मेला की जनावर मेले असे ते म्हणत. २०२१ च्या हिवाळ्यात माझ्या पुतण्याने हट्ट धरला की दादांची गाडी कॅफे रेसर करायची. मोबाईलवर त्याने फोटो दाखवले. खोटे कशाला बोलू, मलाही ते रूप आवडले. काळी टाकी, तपकिरी गादी, गोल दिवा. वर्षानुवर्षे पत्र्याखाली कुजण्यापेक्षा मुलगा चालवील, असा विचार केला आणि ओळखीच्या एका मिस्त्रीकडे गाडी दिली. माणूस कामाचा पक्का, त्याचे वालिद आणि आमचे अब्बा एका गल्लीतले. बोलणे उभ्या-उभ्या झाले. "अठरा हजारांत होऊन जाईल, सेठ." मी म्हटले, "पाहिजे तसे करा, गाडी देखणी झाली पाहिजे." ना कागद, ना नक्षा, ना यादी.

तीन महिन्यांनी गाडी आली ती खरोखर देखणी होती. हिशेब मात्र एकतीस हजारांवर गेला होता. खराद दोनदा झाली, पेंटरने पैसे वाढवले, टायर वेगळे. मिस्त्रीच्या दृष्टीने हे सगळे खरे खर्च होते. माझ्या दृष्टीने बोलणे अठराचे होते. थोडी बाचाबाची झाली, पैसे दिले. मग मी गाडीच्या मागे वाकून पाहिले. कॅरियर नव्हते. साडीगार्ड नव्हते. मागचा मडगार्ड नव्हता. आणि गादीखाली चेसिसच्या दोन्ही नळ्या कापून नवे वाकवलेले लोखंड वेल्ड केले होते. जुने सामान कुठे आहे असे विचारले तर उत्तर मिळाले, "भंगारात दिले, सेठ. कोण सांभाळणार?" पुतण्या मला समजावू लागला, "चाचा, बस एक बालिश्त काटा है."

कापडाच्या व्यापाऱ्याला हे कोणी सांगू नये. आमच्याकडे तागा जोवर अखंड आहे तोवर तो माल आहे. परत जाऊ शकतो, बदलू शकतो, दुसऱ्या गावाला जाऊ शकतो. कात्री लागली की तो तुकडा. मग तो ज्याच्या अंगाचा त्याच्याच कामाचा. म्हणून जुने कापडवाले कात्री हातात घेऊन गिऱ्हाइकाला एकदा विचारत, मापावर पुन्हा एकदा बोट ठेवत, आणि मगच फाडत. अब्बांनी मला दुकानात पहिली गोष्ट शिकवली ती हीच. आणि त्यांचीच गाडी मी न मोजता कापायला दिली.

२०२४ मध्ये नूतनीकरणाची पाळी आली. तपासणीत साहेबांनी गाडी एकदा पाहिली, आरसी एकदा पाहिली आणि मूळ स्थितीत करून आणायला सांगितले. त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. आरसीवर आसनक्षमता दोन, गाडीवर जागा एकाची. रंग वेगळा. चेसिसला जोड. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ स्पष्ट आहे: कारखान्याने दिलेला आणि आरसीवर नोंदलेला तपशील बदलेल अशी दुरुस्ती मालकाने करायची नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच पुन्हा सांगितले. त्याच वर्षी कायद्यात कलम १८२-अ आले. बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रत्येक फेरफारामागे, हे शब्द मिस्त्री बंधूंनी गिऱ्हाइकाला वाचून दाखवावेत. हँडल, गादी, मडगार्ड, सायलेन्सर अशी मोजणी सुरू झाली तर गाडीच्या किमतीपेक्षा दंड जड होईल. या कलमात नाव मालकाचे आहे. पण बाजारात बदनामी कोणाची होते ते आपल्याला ठाऊक आहे.

याहून कडू गोष्ट मला नंतर कळली. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी नवा नियम काढला होता. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली खाजगी दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. त्यासाठी २० हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत, नंबरात 'व्हीए' ही अक्षरे. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला लावता येत नाही, पण शौकिनांच्या बाजारात तिचा भाव वेगळाच असतो. अट एवढीच की चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. आमची राजदूत १९७४ ची. २०२४ मध्ये तिला ५० वर्षे पूर्ण झाली. नियम जुलैत निघाला आणि हिवाळ्यात आम्ही चेसिस कापली. पुण्याच्या एका शौकिनाने ओळखीतून गाडीची चौकशी केली तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, "चेसिस अखंड आहे ना?" दुसरा प्रश्न त्याने विचारलाच नाही.

मी त्या मिस्त्रीला दोष देत नाही. त्याने मला विचारले असते तर मी 'काप' म्हणालो असतो, हे मला माहीत आहे. पण त्याने विचारायला हवे होते आणि मी कागदावर मागायला हवे होते. आमचे बोलणे आता सलामापुरते राहिले आहे. दोन घरांची तीन पिढ्यांची ओळख चार नळ्यांच्या तुकड्यांवर तुटावी, याचे दुःख पैशांपेक्षा मोठे आहे.

काही बुजुर्ग म्हणतील की हा सगळाच फाजील खर्च आहे, मुलांनी अशा नादाला लागू नये. मी त्यांच्याशी सहमत नाही. कापडवाल्याने फॅशनला नावे ठेवावीत हे शोभत नाही. बेलबॉटम आले तेव्हा एका पँटला कापड जास्त लागू लागले म्हणून आम्ही खूशच होतो. एकाचा शौक ही दहा जणांची मजुरी असते. एका गाडीच्या कामात मिस्त्री, खरादी, वेल्डर, बफिंगवाला, पेंटर, गादीवाला, आणि दीड मीटर का होईना, कापडवालासुद्धा आहे. माझा आक्षेप शौकाला नाही. कापण्याला आहे, आणि कच्च्या बोलण्याला आहे.

मिस्त्री मंडळींचे म्हणणेही ऐकले. दोन-तीन गॅरेजांत बसून मी हा विषय काढला. उत्तर एकच मिळाले: गिऱ्हाईक जे मागते ते देतो, आम्ही नाही म्हटले तर शेजारचा करून देईल. हे खरे आहे. पण हेच वाक्य मी कापडात तीस वर्षे ऐकत आलो. रंग जाणारा माल ठेवला नाही तर गिऱ्हाईक शेजारी जाईल, असे म्हणत ज्यांनी तो ठेवला, त्यांच्याकडे पहिल्या धुण्यानंतर कोण परत आले? गॅरेजमध्ये सोडलेली गाडी ही अमानत आहे. तिच्यात काय बदलले आणि काय राखले हे मालकाला कळले पाहिजे, मालकाने न विचारता कळले पाहिजे.

बरे, न कापता ही हौस होत नाही असे थोडेच आहे? मुंबईत अक्षय वर्दे यांच्या 'वर्देंची'चे नाव या क्षेत्रात मोठे आहे. बुलेटच्या अंगावर त्यांनी तऱ्हेतऱ्हेच्या गाड्या उभ्या केल्या, आणि पुढे मूळ गाडीवर बोल्टने बसवता येतील असे तयार संचही काढले. यातली खुबी आपल्या कारागिरांनी पाहावी. जे बोल्टने बसते ते बोल्टने निघते. चेसिसला मूळची जी भोके आहेत त्यांवरच बसणारी पट्टी खरादीकडून करून घेतली तर गादीचा आकार बदलता येतो, दिवा बदलता येतो, टाकीला नवा रंग देता येतो. मूळ गादी, मडगार्ड, कॅरियर पोत्यात बांधून मालकाला परत द्यायचे आणि त्याची सही घ्यायची. तपासणीच्या दिवशी अर्ध्या तासात गाडी जशीच्या तशी. अर्थात बोल्टने बसवले म्हणून कलम ५२ टळत नाही. रंग बदलला तर आरसीवर नोंद करावी लागते, इंजिन बदलायचे तर आरटीओची परवानगी आधी लागते, आणि दोन माणसांची गाडी रस्त्यावर दोन माणसांचीच राहिली पाहिजे. पण चूक सुधारता येते, एवढा फरक मोठा आहे.

आणि काही वस्तूंना हातच लावू नये. त्यात पहिले साडीगार्ड. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ सांगतो की मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायची कडी, पाय ठेवायची जागा आणि मागच्या चाकाचा निम्म्याहून कमी नाही इतका भाग झाकणारे आवरण पाहिजे, जेणेकरून मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत. आम्ही कापड विकणारे लोक. पदर, ओढणी, बुरख्याचा घेर आऱ्यांत अडकला की काय होते हे गावोगाव लोकांनी पाहिले आहे. त्या जाळीचे वजन ते काय, आणि ती काढून गाडी किती वेगवान होणार? इंग्लंडमधल्या त्या पोरांच्या मागे त्यांची अम्मी बसत नव्हती. आमच्या मुलांच्या मागे बसते.

दुसरे, सायलेन्सर. यावर मी कडकच बोलणार. फटाके फोडणारे सायलेन्सर बसवून देणे हा हुन्नर नाही. कलम १९० प्रमाणे आवाज आणि धुराच्या पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी दवाखान्यासमोर, परीक्षेच्या दिवसांत, रात्री अकरा वाजता देवपुरातून जाणारा तो आवाज ऐकून लोक पेट्रोल टाकणाऱ्याला शिव्या देतात आणि गॅरेजवाल्यालाही. टू-स्ट्रोक गाडीत तर त्याने नुकसानच होते. राजदूत, येझदी, आरएक्स यांच्या सायलेन्सरचा आकार उगाच तसा नाही. त्यातून उलट येणारा दाब ताज्या पेट्रोल-हवेला सिलिंडरमध्ये थोपवून धरतो. सरळ नळी लावली की आवाज वाढतो आणि जोर कमी होतो. जुने उस्ताद हे जाणतात. नव्या शागीर्दांना कोणी सांगत नाही.

तिसरे, हवेचा फिल्टर. फोटोत दिसतो म्हणून मुले मूळ डबा काढून उघडा गोल फिल्टर लावून घेतात. लंडनला चालत असेल. इथे कपाशीच्या काळ्या जमिनीतून उडणारी धूळ आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांवर जाणारा पारा. हवा जास्त, पेट्रोल तेवढेच, म्हणजे इंजिन जास्त तापणार. कार्बोरेटरचा जेट त्या मापाने बदलला नाही तर टू-स्ट्रोकचा पिस्टन एरंडोल येण्याच्या आत पकडतो. बारीक धूळ आत गेली की बोअर आणि रिंगा घासतात ते वेगळेच. पायदान मागे नेले तर ब्रेकच्या दांड्याचे माप बदलते आणि जुना ड्रम ब्रेक आणखी ढिला लागतो. खाली वाकलेल्या हँडलवर सारा भार मनगटांवर येतो. धुळे ते जळगाव नव्वद किलोमीटर तसे चालवून पाहा आणि मग सांगा. पुतण्या पारोळ्याला थांबून बसने परत आला होता, हे त्याने मला वर्षभराने कबूल केले.

आता पैशांचे. आपल्या कारागिरांचा हात महाग आहे, पण ते स्वतः तो स्वस्त विकतात. सुटे भाग लावले तर भागांचे पैसे मागायला संकोच नाही; चार दिवस बसून टाकीचा पोचा काढला त्याची मजुरी सांगताना मात्र जीभ अडखळते. म्हणून मग मजुरी भागांच्या किमतीत लपवतात, आणि गिऱ्हाइकाला ते कळले की विश्वास जातो. माझी सूचना साधी आहे. गाडी दारात आली की आधी आरसी पाहावी. मालक तोच आहे का, मुदत आहे का, चेसिस आणि इंजिनचे नंबर जुळतात का. चोरीची गाडी कापून दिल्याचा आळ आला तर गॅरेज उठते. मग चारही बाजूंनी मोबाईलवर फोटो. मग एका कागदावर काय करणार, काय करणार नाही, सामान किती, मजुरी किती, खर्च वाढला तर विचारल्याशिवाय पुढे जाणार नाही, आणि उचल किती घेतली. खाली दोघांच्या सह्या. उलाढाल वर्षाला वीस लाखांच्या आत असलेल्या सेवेच्या धंद्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, त्यामुळे पावती दिली की कर लागेल ही भीती बहुतेक गॅरेजांना लागू नाही. उद्यम नोंदणी फुकट होते. ती आणि वर्षभराची पावतीपुस्तके असली की बँकेत मुद्रा कर्जासाठी बोलता येते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या अठरा धंद्यांत लोहार आणि दर्जी आहेत, मोटार मिस्त्री नाही. लोखंड तापवणाऱ्याला कारागीर मानायचे आणि इंजिन उघडणाऱ्याला नाही, हे मला पटत नाही. आपल्या संघटनांनी यावर लिहायला हरकत नाही.

गिऱ्हाइकांनाही एक शब्द. जुन्या गाडीचा खर्च गाडीपाशी संपत नाही. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांहून जुन्या मोटारसायकलीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क दोन हजार झाले आहे, पर्यावरण कर वेगळा, नव्या पद्धतीची नंबरप्लेट वेगळी. कॅफे रेसरला शोभते म्हणून बोटभर नंबरप्लेट लावण्याचे दिवस गेले. हा हिशेब आधी करा, मग रंग निवडा.

फुले मार्केटमधल्या त्या तरुणाकडे परत येतो. दोन आठवड्यांनी तो आणखी अर्धा मीटर मागायला आला, कारण गादीचे माप चुकले होते. मी त्याला आत बसवले, चहा सांगितला आणि विचारले की चेसिस कापली का? म्हणाला, अजून नाही, वेल्डरची वाट पाहतोय. मग मी त्याला आमची गोष्ट सांगितली, वर लिहिली तशीच. तो गप्प ऐकत होता. जाताना म्हणाला, "पट्टी बोल्टवर बसते का बघतो, सेठ. पण गिऱ्हाइकाला सांगायचे कसे?" मी म्हटले, माझ्याकडे पाठव, आमची गाडी दाखवतो. गिऱ्हाईक आले. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा, रावेरकडचा, आजोबांची गाडी. त्याने गोदामात उभी असलेली आमची राजदूत पाहिली, चेसिसच्या जोडावरून बोट फिरवले, आणि आपल्या आजोबांची गाडी न कापता करायला सांगितली. गादी तेवढी तपकिरीच हवी म्हणाला.

आमच्या गाडीचे काम आता उलट्या दिशेने चालू आहे. मालेगावच्या भंगारबाजारात एका मोडक्या राजदूतचा मागचा भाग मिळाला, परवानगी आणि कागद पाहूनच तो जोडायचा आहे. कॅरियर पुतण्याने शिरपूरच्या एका दूधवाल्याकडून मिळवले. साडीगार्ड मात्र अजून मिळालेले नाही. कोणा वाचकाच्या गोठ्यात किंवा गोदामात सत्तरच्या दशकातील राजदूतचे साडीगार्ड पडून असेल तर साप्ताहिकाच्या पत्त्यावर कळवावे. किंमत रोख देऊ, आणि पावती घेऊ.